गिन्झाचा आनपान, तोरायाचं योकान आणि ते क्रीमवालं प्रकरण

टोकियोला आलेला आपला माणूस आधी माचा (ग्रीन टीची पूड) आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभा राहतो, त्यापेक्षा सरळ गिन्झाला किमुरायात जा आणि आनपान खा. तळहातात मावेल एवढा गोल पाव आणि आत अझुकीच्या बारीक लाल दाण्यांचं गोड सारण, म्हणजे आन. १८७४ मध्ये याच दुकानाने हा प्रकार काढला, पीठ फुगवायला साके (तांदळाची दारू) बनवणाऱ्यांसारखं तांदूळ आणि कोजी या बुरशीचं आंबवण वापरून, त्यामुळे पाव फोडला की अगदी हलका आंबूस वास येतो. पुढच्या वर्षी मेइजी सम्राटाला द्यायचा म्हणून पावाला बेंबीसारखा खळगा पाडून त्यात खारवलेलं चेरीचं फूल बसवलं, ते फूल अजून असतं. दोन घास गोडगोड जातात आणि मग ते मिठाचं फूल दाताखाली येतं, काय सांगू, आख्ख्या पावाची किंमत तिथेच वसूल!

फूलवाल्यात कोशिआन असतं, म्हणजे दाणे शिजवून सालं काढून गाळलेलं, एकदम मऊसूत. मला मात्र त्सुबुआन जास्त आवडतं, त्यात अख्खे दाणे लागतात आणि कडधान्य खातोय हे कळतं. तूप नाही, वेलची नाही, जायफळ नाही, त्यामुळे पहिल्यांदा खाणाऱ्याला जरा अळणी वाटेल, पण दाण्याची खरी चव त्यामुळेच येते. अंडं चालत नसेल तर पावाचं आधी विचारून घ्या.

अंडं नकोच असेल तर तोराया. क्योटोचं सोळाव्या शतकातलं दुकान, राजदरबाराला मिठाई पुरवणारं, १८६९ ला सम्राटाच्या मागोमाग टोकियोला आलं. यांचं योकान ही वडी म्हणजे साखर, अझुकी आणि आपण चायना ग्रास म्हणतो ते, बस्स. ‘योरु नो उमे’ घ्या, काळपट वडी कापली की कापावर दाण्यांचे फिकट ठिपके दिसतात, अंधारात फुललेल्या उमेच्या (जपानी प्लमच्या) फुलांसारखे. गोड मात्र दणदणीत, बोटभर कापसुद्धा बिनसाखरेच्या ग्रीन टीबरोबरच खा.

नवीन प्रकारांत आन आणि बटर हे जमलेलं लग्न आहे, नागोयात तर सकाळच्या कॉफीबरोबर टोस्टवर बटर आणि त्सुबुआन असा ओगुरा टोस्ट सर्रास खातात. पण परवा एका इन्स्टाफेमस कॅफेत (नाव नको) आनवाला पाव मागवला तर क्रीमचा डोंगर, वर स्ट्रॉबेरी, वर माचा पावडर, आणि आन शोधायला चमचा तळापर्यंत घालावा लागला, अरे मग ते घातलंच कशाला? आणि पावाला चमचा लागतो हे पण पहिल्यांदाच बघितलं.

किमुराया पाचपैकी पाच. तोराया साडेचार, अर्धा कापला तो गोडीसाठी. भारतात न्यायला मोची (चिकट तांदळाचे मऊ गोळे), दाइफुकु (आत आन भरलेली मोची) घेऊ नका, एक-दोन दिवसांत कडक होतात, बंद पाकिटातलं योकान फ्रीजशिवाय महिनोन् महिने टिकतं आणि छोट्या वड्यासुद्धा मिळतात.