शांघायमध्ये भाजी कुठून आणावी: मंडई की ‘हमा’?

अलिबाबा या चिनी ऑनलाइन कंपनीचं ‘हमा’ हे सुपरमार्केट २०१६ मध्ये शांघायमध्येच सुरू झालं. घर दुकानाच्या तीन किलोमीटरच्या आत असेल, तर साधारण अर्ध्या तासात सामान दारात येतं. तान्हं बाळ असलेल्या घराला मोठाच आधार. मात्र ॲप चिनी लिपीत, त्यामुळे सुरुवातीला फोटो बघूनच मागवावं लागतं.

तरी माझं मत मंडईलाच. कोथिंबीर, कारली, घोसाळी, ताजं टोफू बघून, निवडून घेता येतं. भाव ‘जिन’चा, म्हणजे ५०० ग्रॅमचा असतो, तो किलोचा समजू नका. पैसे मोबाईलवरून क्यूआर कोडने. मुलांना जरूर सोबत न्या. चिनी आकडे ती तिथे भराभर शिकतात, आणि भाजीवाल्या आजीही त्यांना ओळखू लागतात. ॲप पावसाळी दिवसांसाठी ठेवावं.