आयडलिंगचा स्क्रू आणि दोन ओ-रिंग: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याआधी मी माझ्या जुन्या शंभर सीसी गाडीच्या कार्बोरेटरमागच्या (म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवेचे मिश्रण देणाऱ्या भागामागच्या) दोन ओ-रिंग, म्हणजे जोड हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, बदलल्या. नाना पेठेत त्यांची जोडी पन्नास रुपयांच्या आत मिळाली, आणि त्याआधी याच दुखण्यावर अडीच हजारांच्या घरात पैसे गेले होते. पुढील मजकुरात कुठे कडवटपणा जाणवलाच, तर तो या हिशेबाचा आहे असे समजावे.

दुखणे जुन्या गाड्यांच्या मालकांना परिचित असेल. सकाळी गाडी नीट चालू होई, पण इंजिन गरम झाले की सिग्नलला उभी असताना तिची रेस आपोआप वाढे आणि मूठ सोडल्यावरही आवाज उतरायला वेळ लागे. न्यूट्रलमधून पहिला गिअर टाकताना खाडकन धक्का बसे. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातून उतरताना तर मूठ सोडल्यावर गाडीला रोखणारी इंजिनाची ओढ जवळजवळ मिळेनाशी झाली होती, आणि सगळा भार ड्रम ब्रेकवर येत होता. माझ्या दृष्टीने पेट्रोलच्या नासाडीपेक्षा ही गोष्ट अधिक गंभीर होती.

सर्व्हिस सेंटरमध्ये दर वेळी एकच उपाय होई: आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती वेगाने फिरावे ते ठरवणारा, स्क्रू थोडा सैल करायचा, आवाज उतरला की गाडी ताब्यात द्यायची. पुढे त्या स्क्रूला सैल करायला जागाच उरली नाही, तेव्हा जॉबकार्डावर ‘कार्बोरेटर खराब’ असा शेरा पडला आणि नवीन कार्बोरेटर बसवण्यात आला. जुना परत मागितला तेव्हा तो ‘भंगारात जातो’ असे सांगण्यात आले. थोडी शब्दाशब्दी झाल्यावर एका पिशवीत मिळाला. काही आठवडे गाडी इतकी शांत चालली की खर्च सार्थकी लागला असे मी चार जणांना सांगितलेही. ते मत आता मागे घेतो, कारण ऊन वाढले तशी रेसही पुन्हा वाढली.

येथे थोडा विचार केला असता तर निदान तेव्हाच झाले असते. आयडलिंगचा स्क्रू कार्बोरेटरमधील स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणारी पट्टी, किती उघडी राहावी एवढेच ठरवतो. तो पूर्ण सैल करूनही आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला योग्य ढील असूनही इंजिन वेगाने फिरत असेल, तर इंजिनाला हवा दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने मिळत आहे, हा सरळ अर्थ आहे. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या हेडकडे जाणारा पाइप यांच्या मध्ये उष्णता अडवणारा बेकेलाइटचा इन्सुलेटर असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना ओ-रिंग असतात. रबर कडक होऊन चपटे झाले की तेथून बारीक फट पडते. आयडलिंगला इंजिन मुळातच फार थोडी हवा घेते, म्हणून एवढ्याशा फटीनेही मिश्रण पातळ होते (पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते) आणि रेस चढते. रस्त्यावर मूठ पिळल्यावर त्याच फटीचा वाटा नगण्य ठरतो आणि गाडी निर्दोष वाटते. सर्व्हिस सेंटरची चाचणी-फेरी नेमकी याच अवस्थेत होत असल्याने त्यांना दोष सापडत नाही.

तपासणीची रीत सोपी आहे. गाडी चालू ठेवून जोडाभोवती पिचकारीने थोडे पाणी मारावे. फट असेल तर पाण्याने ती क्षणभर बुजते आणि आवाज बदलतो. काही फिटर यासाठी कार्बोरेटर क्लीनरचा फवारा वापरतात, पण तो पेट घेणारा असतो आणि गरम सायलेन्सर हाताच्या अंतरावर असतो, म्हणून मी पाणीच पसंत करतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही पाहावे; वळवताना रेस वाढली तर दोष केबलचा आहे, मग रिंगांच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

माझ्या गाडीत पाणी पडताच आवाज खाली आला. घराजवळच्या गॅरेजमधील काकांनी जोड उघडला तेव्हा दोन्ही रिंगा नखाने दाबल्या तरी दबत नव्हत्या, आणि नव्या कार्बोरेटरमागे त्याच जुन्या रिंगा पुन्हा बसवलेल्या होत्या! रिंग घेताना साध्या नायट्राइल रबराऐवजी व्हायटॉन या रबराची मिळाली तर जरूर घ्यावी. नायट्राइल साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, तर व्हायटॉन २०० अंशांच्या आसपासही तग धरते, आणि सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्येही ते अधिक टिकते. बोल्ट मात्र बेताने आवळावेत, कारण जोर लावला की कार्बोरेटरची मागची बाजू वाकते आणि नवी रिंगही हवा सोडते. काकांनी ती बाजू काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केली.

या प्रसंगाने हौस वाढून मी प्लगच्या वायरीला गुंडाळायचा एक छोटा डिजिटल आरपीएम मीटरही (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या मोजणारा) घेतला. पहिल्या दिवशी त्याने रेस दुप्पट दाखवली आणि मी हबकलो. सेटिंगमध्ये इंजिनाच्या एका फेरीला एक ठिणगी असे निवडल्यावर आकडा १४०० च्या आसपास आला. आता तो आकडा चौकात थांबल्यावर पाहण्याचा मला नाद लागला आहे, आणि घरच्यांना त्याचा वैताग आला आहे.

पावसाळा, हिवाळा आणि एक उन्हाळा गेला. रेस गरम इंजिनावरही १४०० च्या वर फारशी जात नाही, घाटात इंजिनाची ओढ पूर्वीसारखी मिळते आणि गिअर मऊ पडतो. उन्हाळ्यात कुतूहल म्हणून पिशवीतला जुना कार्बोरेटर साफ करून याच रिंगांवर बसवला, तर तोही तितकाच शांत चालला. सध्या तोच गाडीवर आहे आणि नवा डब्यात पडून आहे. थंडीत चोक पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, एवढीच तक्रार उरली आहे. नवा कार्बोरेटर परत घेण्याविषयी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारले होते. बसवलेला भाग परत घेतला जात नाही, असे उत्तर आले.