डिशला डायल-अपची जोड: यूएसआर ५६३७ मोडेम आणि तांब्याची तार

माँटाना, नेब्रास्का, पश्चिम टेक्सस अशा भागांत गावापासून वीस मैल आत गेलं की इंटरनेट म्हणजे छतावरची उपग्रहाची डिश. सगळा भार एकट्या डिशवर नको म्हणून काही घरांत डायल-अप, म्हणजे मोडेमने फोन लाइनवरून नंबर फिरवून जोडायचं जुनं इंटरनेट, अजून राखून ठेवलेलं असतं. एओएलने ३० सप्टेंबर २०२५ला आपलं डायल-अप बंद केलं, पण नेटझिरो, जुनो ही जुनी नावं अजून आहेत. हा रिव्ह्यू एका जोडणीचा आहे: यूएसरोबोटिक्सचा यूएसआर ५६३७ यूएसबी मोडेम, साधी फोन लाइन आणि एक डायल-अप खातं.

निकाल आधीच सांगतो. मोडेम उत्तम, खातं बरं, लाइन मात्र नशिबावर. लाइन खराब असेल तर मोडेम बदलून काही होत नाही.

५६३७ तळहातावर मावतो आणि वीज यूएसबीतूनच घेतो. त्याची खरी किंमत आहे आतल्या कंट्रोलरची, म्हणजे मोडेमचं सगळं काम स्वतः करणाऱ्या चिपची. स्वस्तातले काही मोडेम निम्मं काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकलतात आणि नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळाला नाही की ड्रॉवरमध्ये पडून राहतात. ५६३७ लिनक्सवर ड्रायव्हर मागत नाही, टीटीवाय-एसीएम-शून्य या नावाने सरळ उभा राहतो. पुढचं काम पीपीपीडीचं, म्हणजे जोडणी जुळवणाऱ्या प्रोग्रामचं. लॅपटॉपच्या बॅटरीवर हे सगळं तासन्‌तास चालतं. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेची डिश एकटीच पन्नास ते शंभर वॅट खाते; यूएसबीवरचा हा मोडेम जास्तीत जास्त अडीच. वीज गेलेल्या घरात हा फरक मोठा आहे, कारण तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून येते. मधे रस्त्याकडेला डिजिटल कॅबिनेट असेल तर मात्र त्याची बॅटरी साधारण आठ तासांचीच धरा.

आता वेग. ५६के हा खोक्यावरचा आकडा. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या सिग्नलमर्यादेमुळे खाली येणारा वेग सेकंदाला ५३.३ किलोबिटच्या वर जात नाही. तोही केव्हा, तर तुमच्या घरापासून डायल-अप कंपनीपर्यंत सिग्नलचं अ‍ॅनालॉग-डिजिटल रूपांतर एकदाच होत असेल तर. खेड्यांत एका जोडीवर अनेक गिऱ्हाइकं बसवणाऱ्या जुन्या पेटीतून लाइन आली असेल तर हे रूपांतर दोनदा होतं, ५६के मरतं आणि २६.४वर गाडी अडते. कनेक्ट झाल्यावर २६४०० हा आकडा रोज ठरल्यासारखा दिसत असेल तर घरातली वायर बदलण्यात पैसे घालवू नका. आणि ११५२०० दिसला तर हुरळू नका. तो संगणक ते मोडेम एवढ्याच टप्प्याचा वेग आहे.

यातली सगळ्यात मोठी गैरसमजूत पावसाची. डिशचा सिग्नल जोरदार पावसात विरतो म्हणून बॅकअप हवा, असं बहुतेकांना वाटतं. पण सिग्नल घालवणारा तो ढग बहुधा विजा घेऊनच येतो, आणि मैलोन्‌मैल उघड्या माळावरून आलेली तार तेव्हा मोडेमला लावून बसणं म्हणजे विजेला घरात बोलावणं. आभाळ भरून येतानाच तार काढून ठेवायची आणि विजा थांबेपर्यंत चहा प्यायचा. डायल-अप उपयोगी पडतं ते दुसऱ्या दिवशी आभाळ निवळल्यावर, डिशचा पॉवर सप्लाय जळालेला निघतो आणि नवा यायला आठवडा लागतो तेव्हा. किंवा २४ जुलै २०२५सारख्या दिवशी, जेव्हा निरभ्र आकाशाखाली स्टारलिंक जगभर सुमारे अडीच तास बंद होतं.

लाइन तपासायची ती घराबाहेरच्या, फोन कंपनीच्या राखाडी डब्यापाशी. त्यात एक टेस्ट जॅक असतो. त्यात प्लग घातला की घरातलं वायरिंग आपोआप लाइनपासून सुटं होतं. मोडेम आधी तिथे लावून बघा. तिथे वेगाचा आकडा ४४ हजार मिळाला आणि आतल्या खोलीत ३१ हजार, तर दोष तुमच्या भिंतीत आहे, आणि तो कंपनी दुरुस्त करणार नाही. फोन खाली ठेवलेला असताना लाइनीवर मल्टिमीटरने ४८ ते ५२ व्होल्ट डीसी दिसायला हवेत. तारेला हात लावू नका. नेमका तेव्हाच कोणी फोन केला तर घंटीचे ९० व्होल्ट बोटांतून जातात. आतल्या खोलीपर्यंत ती चपटी चंदेरी फोन वायर ओढण्यापेक्षा पीळ असलेली वायर वापरा. चपटीला पीळ नसतो, म्हणून लांबीबरोबर खरखर वाढते.

दर सेकंदाला एक टक् असा आवाज फोनमध्ये येत असेल तर तो बहुधा कुरणाच्या विजेच्या कुंपणाचा. गवत वाढून तारेला टेकलं किंवा इन्सुलेटर तडकला की कुंपणाचा झटका जमिनीतून फोनच्या लाइनीत शिरतो. मोडेम कनेक्ट होतो, पण दर थोड्या वेळाने थांबून पुन्हा जुळवून घेत बसतो. गवत कापा, कुंपणाची अर्थिंगची सळई फोनच्या अर्थिंगपासून निदान ५० फूट दूर ठेवा, आणि कुंपणाची तार फोनच्या तारेला समांतर नेऊ नका. नुसतं निदान करायचं असेल तर कुंपण पाच मिनिटं बंद करून फोन कानाला लावा.

डायलिंगमध्ये अडकायच्या जागा ठरलेल्या. जुना साठवलेला सात अंकी नंबर आता लागत नसेल, कारण ९८८ हा मानसिक संकटासाठीचा मदतक्रमांक आल्यामुळे ऑक्टोबर २०२१पासून ८२ एरिया कोडमध्ये लोकल कॉललाही दहा अंक लागतात. कॉल वेटिंग असेल तर नंबरआधी *७० आणि स्वल्पविराम घाला, नाहीतर मधेच आलेला फोन जोडणी तोडतो. व्हॉइसमेलमध्ये निरोप पडून असला की डायलटोन अडखळत येतो आणि मोडेम डायलटोनच नाही म्हणून हात वर करतो. त्यावर उपाय एटीएक्स३ ही मोडेमची आज्ञा: डायलटोनची वाट न पाहता नंबर फिरवते. सगळ्यात महागडी चूक म्हणजे अ‍ॅक्सेस नंबर, म्हणजे मोडेम फिरवतो तो डायल-अप कंपनीचा नंबर, लोकल आहे असं गृहीत धरणं. डायल-अप कंपनीच्या यादीवर विसंबू नका, फोन कंपनीलाच विचारा, नाहीतर लाँग डिस्टन्सचं बिल येतं.

जोडणी राउटरमधून आपोआप डायल-अपवर पडेल अशी करता येते. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. पण आमच्या मते ती करू नये. डिश गेली की घरातले सहा फोन, टीव्ही आणि विंडोज अपडेट त्या अरुंद बोळात एकदम शिरतात आणि ईमेलही उघडत नाही. एकाच लॅपटॉपवरून हाताने डायल करा, त्याचा वायफाय बंद ठेवा, अपडेट आणि फोटो सिंक थांबवा. कनेक्ट दिसतंय पण काहीच उघडत नाही, असं झालं तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सोय, पाहा. लॅपटॉप अजून बंद पडलेल्या डिशच्या राउटरकडेच पत्ता विचारत असतो.

मग चालतं काय? ४० किलोबिटला एक एमबी यायला ३ मिनिटं २० सेकंद, २६.४ला पाच मिनिटं. म्हणजे साधा मजकूर असलेली मेल, हवामान खात्याचा मजकुरातला अंदाज, एनपीआर या अमेरिकन रेडिओच्या साइटची फक्त मजकुराची आवृत्ती, एवढं नीट. बँकेचं साधं पान चहा संपेपर्यंत. व्हिडिओ कॉल विसरा. व्हीएसएनएलच्या काळातलं डायल-अप आठवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की पानं तेव्हा हलकी होती. एक गंमत मात्र आहे: ३५,७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहाला जाऊन यायला सहाशे मिलिसेकंद सहज लागतात, डायल-अपला शंभर ते दोनशे. त्यामुळे दूरच्या सर्व्हरवर कमांड टाइप करताना ह्यूजेसनेट किंवा व्हायासॅट या अशा उपग्रहांवरच्या सेवांपेक्षा हेच चपळ वाटतं.

मोबाइलची एक दांडी जरी येत असली तरी हे सगळं सोडून फोनचा हॉटस्पॉट घ्या. आणि फक्त इंटरनेटच्या बॅकअपसाठी नवी लँडलाइन घेऊ नका. लाइनचं भाडं, कर आणि अधिभार मिळून डायल-अप खात्यापेक्षा जास्त जातात, त्यातच एटी अँड टी या मोठ्या फोन कंपनीने २०२९ अखेरपर्यंत बहुतेक भागातलं तांबं काढायचं ठरवलंय. फोन डिशवरूनच चालत असेल तर प्रश्नच मिटला: डिश गेली की फोनही गेला. ९११ या आणीबाणीच्या क्रमांकासाठी लाइन ठेवलेलीच असेल, तिथे मात्र हा मोडेम घेऊन ठेवावा. मोडेमला पाचपैकी साडेचार, डायल-अप सेवेला तीन.

महिन्यातून एकदा डायल करून बघा. अ‍ॅक्सेस नंबर न सांगता बदलतात. दोन नंबर, युजरनेम आणि पासवर्ड कागदावर लिहून मोडेमलाच चिकटवा, कारण ते शोधायला त्या दिवशी इंटरनेट नसेल.