सेटिंगमधली ‘8 जीबी रॅम’ आणि कापलेल्या वायरी: कार स्टिरिओच्या फसवणुकीचा अनुभव

जुन्या स्विफ्टमध्ये अँड्रॉइड स्टिरिओ बसवायला पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानात गेलो. ‘8 जीबी रॅम, 128 जीबी स्टोरेज’ म्हणून जो सेट दाखवला, त्याच्या सेटिंगमध्येही तेच आकडे होते. फिटिंगसकट 16,000 रुपये. पक्कं बिल मागितलं तर, “वर जीएसटी लागेल साहेब, कशाला?”

घरी आल्यावर मॅप आणि गाणी एकत्र लावली की गाणं अडकायला लागलं. रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र गाडी मागे घेऊन झाल्यावर उगवायचं. आतलं खरं हार्डवेअर दाखवणारं सीपीयू-झेड ॲप टाकलं, तर रॅम निघाली 2 जीबी. सेटिंगमधल्या ‘अबाउट’च्या पानावर सॉफ्टवेअर बनवणारा हवा तो आकडा छापू शकतो. पैसे देण्याआधी दुकानातच असं ॲप चालवा, आणि पेनड्राइव्हवरून मोठमोठ्या फाइली कॉपी करून त्या वाजवून बघा. स्टोरेजचा आकडा खोटा असेल तर तिथेच कळतं.

‘4×60 वॅट’ (चार स्पीकरना प्रत्येकी 60) हा शिक्काही तसलाच. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14 व्होल्ट असतात. तेवढ्यावर सेटमधला ॲम्प्लिफायर चार ओहमच्या स्पीकरला सलग वीसेक वॅट देतो. त्याहून जास्त हवं तर वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. म्हणून आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, किती तेवढंच विचारा.

खरा राग आला तो वायरिंगचा. गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ लागेना. आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्ड उघडला. पिवळी वायर कायम बॅटरीवर असते, सेटची मेमरी टिकावी म्हणून. लाल वायर चावीवर चालते. फिटरने दोन्ही एकत्र पिळून टेप गुंडाळली होती, त्यामुळे चावी काढली तरी सेटला ते कळतच नव्हतं आणि तो रात्रभर बॅटरी पीत होता. पिवळ्या वायरीवरचा फ्यूजही काढून थेट जोड दिला होता. शॉर्ट झालं असतं तर वायरच पेटली असती! कंपनीच्या सॉकेटला न कापता जोडता येणारा तयार कपलर बाजारात सहज मिळतो, तरी कंपनीचा सॉकेट कापून टाकलेला. हँडब्रेक ओढलेला असतानाच व्हिडिओ दिसावा म्हणून सेटला हँडब्रेकची वायर असते; ती थेट बॉडीला अर्थ केलेली, म्हणजे गाडी चालवतानाही समोर सिनेमा सुरू. ही ‘सोय’ दुकानदार कौतुकाने सांगतात. आम्ही ती आधी काढायला लावली.

दुकानात परत गेलो तर उत्तर ठरलेलं: “सेटिंगमध्ये 8 दिसतंय ना?” राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार केली आहे, पण पुरावा म्हणून जवळ फक्त यूपीआयची नोंद. त्यावर रक्कम आहे, वस्तूचं नाव नाही. काढलेला कंपनीचा सेट तरी द्या म्हटलं, तर तो विकून मोकळे झाले होते.