मद्यपानाचे वय : २५ की २१?

महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी २१ आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे अशी वयोमर्यादा आहे. ती सरसकट २१ करावी, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा क्षुल्लक नाही. १८ व्या वर्षी मतदान करणारा, नवी मुंबईतल्या महापे किंवा ऐरोलीत रात्रपाळी करून घर चालवणारा २३ वर्षांचा तरुण व्हिस्कीच्या एका पेल्यासाठी नियमभंग करणारा ठरतो. शेजारच्या गोव्यात मात्र ही मर्यादा १८ च आहे. शिवाय नियम पटला नाही की पिणे थांबत नाही, ते फक्त आडोशाला जाते.

तरीही माझा कौल २५ लाच आहे, आणि त्याचे कारण नैतिकतेपेक्षा रस्त्याशी निगडित आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात अनेक राज्यांनी वय खाली आणले, तेव्हा तरुणांचे अपघात वाढले; १९८४ च्या केंद्रीय कायद्यानंतर ते पुन्हा २१ झाले आणि असे मृत्यू घटले. हा दाखला २१ च्याच बाजूचा आहे, असे कोणी म्हणेल. परंतु तेथे दुकानदार ओळखपत्र मागतो, आणि आपल्याकडे ते क्वचितच मागितले जाते. मर्यादा २५ असतानाही विशीतली मुले सहज बाटली मिळवतात. ती २१ केल्यास अठरा-एकोणीस वर्षांची मुलेही त्याच रांगेत दिसतील, आणि नवी मुंबईतल्या पाम बीच मार्गासारख्या रुंद, रात्री मोकळ्या रस्त्यावर त्याची किंमत पादचाऱ्यांनाही मोजावी लागेल. म्हणून आधी ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक दुकानात व बारमध्ये वयाची तपासणी सुरू व्हावी. वय कमी करण्याचा विचार त्यानंतर करता येईल.