‘सज्ज भूखंड’ प्रमाणपत्र सेवा: पैसे खोदकामाला द्या, शिक्क्याला नको

छोट्या शहराने नवे कारखाने आणायचं मनावर घेतलं की नगरपालिकेच्या दारात चार प्रकारचे विक्रेते येतात. एक माहितीपत्रक आणि व्हिडिओ करून देतो. दुसरा औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल मांडून देतो. तिसरा ‘विस्ताराच्या विचारात असलेल्या कंपन्यांची यादी’ विकतो, आणि तीच यादी बहुधा शेजारच्या शहरालाही विकलेली असते. चौथा तुमची जमीन तपासतो आणि ती कारखान्यासाठी तयार असल्याचं प्रमाणपत्र देतो. पहिल्या तिघांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. हे परीक्षण चौथ्याचं आहे.

गुण आधीच सांगायचे तर पाचपैकी साडेतीन. तपासणी नीट झाली तर साडेचार, नुसतं कागदावर बसून प्रमाणपत्र दिलं तर एक. दोन्हींचं वेष्टन सारखंच दिसतं, त्यामुळे फरक कळण्यासाठी आत पाहावं लागतं.

या सेवेची गरज कुठून येते ते आधी पाहू. मोठी कंपनी जागा शोधताना स्वतःचं नाव सांगत नाही. सल्लागारामार्फत टोपणनावाने प्रश्नावली येते: इतके हेक्टर, इतके मेगावॉट, रोज इतके घनमीटर पाणी, महामार्गापासून इतकं अंतर, उत्तर आठवड्याभरात. पहिल्या फेरीत कोणी चांगलं शहर शोधत नसतं, वगळायला कारणं शोधत असतं. ‘संबंधित खात्याकडून माहिती घेऊन कळवतो’ हे उत्तर म्हणजे स्वतःच्या हाताने नाव खोडणं. सवलती, कर, महापौरांच्या हस्ते स्वागत हे सगळं उरलेल्या दोन-तीन जागांच्या वाट्याला येतं. छोटी शहरं सवलतीत हरली असं सांगतात, पण बहुतेकदा ती त्याच्या कितीतरी आधी, एका रिकाम्या रकान्यात हरलेली असतात.

आता पॅकेजमध्ये काय मिळतं ते पाहू.

मालकीची तपासणी बहुतेक जण ठीक करतात. मालक एक की अनेक, जमिनीवर बोजा आहे का, कोणाचा वहिवाटीचा रस्ता जातो का, वरून वीजवाहिनी आणि खालून वायुवाहिनी गेली आहे का, एवढं अहवालात येतं. चुकतं ते किमतीचं. ‘मालक विकायला तयार आहेत’ या वाक्याला काडीची किंमत नाही. नगरपालिकेच्या हातात ठरलेल्या दराचा, ठरलेल्या मुदतीचा लेखी खरेदी हक्क हवा. कारखाना येतोय अशी कुणकुण लागली की चार मालकांपैकी तिसरा भाव दुप्पट करतो आणि चौथा परगावी जातो.

जमिनीचा उतार हा दुसरा मुद्दा. स्वस्त पॅकेजमध्ये उपग्रहाच्या नकाशावरून ‘जमीन साधारण सपाट, उतार ३ टक्के’ असं लिहिलेलं सापडेल. ३ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही. पण २०० मीटर लांब शेडच्या दोन टोकांत त्यामुळे ६ मीटरचा फरक पडतो. शेड १०० मीटर रुंद धरली, तर अर्धी बाजू खोदून अर्धी भरायला सुमारे १५,००० घनमीटर माती हलवावी लागते. ती मुरूम असेल तर दोन आठवड्यांचं काम, खडक निघाला तर सुरुंग. शिवाय अर्धी शेड मूळ जमिनीवर आणि अर्धी भरावावर बसली की भराव खचतो आणि फरशीला नेमकी मधोमध भेग जाते. म्हणून जागेवरचं मोजमाप, दर अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) आणि शेड कुठे बसेल त्याची प्राथमिक आखणी एवढं मागाच.

माती परीक्षणात काटकसर सर्वाधिक होते, आणि तिथेच ती सर्वांत महाग पडते. २० हेक्टरच्या भूखंडाला दोन बोअर (मातीचे नमुने घ्यायला पाडलेली भोकं) मारून अहवाल देणारे आहेत. दोन्ही बोअर रस्त्याकडेला, कारण गाडी तिथपर्यंतच जाते. अशा भूखंडाला निदान आठ-दहा बोअर जाळीच्या आखणीने, १० ते १५ मीटर खोल किंवा खडक लागेपर्यंत हवेत. दर दीड मीटरला ठोक्यांची चाचणी (वजन आपटून माती किती घट्ट आहे ते पाहणारी) हवी, आणि भूजलाची पातळी बोअर मारल्यावर लगेच नव्हे, २४ तासांनी पुन्हा मोजलेली हवी. जुनी बुजवलेली खाण किंवा पाण्याने फुगणारी माती अशा खोदकामातच सापडते. ती जागेचं भाडं भरून यंत्र बसवल्यावर सापडली, तर शहराचं नाव सल्लागारांच्या वर्तुळात पुढे किती वर्षं निघत राहील, सांगता येत नाही.

विजेच्या बाबतीत प्रमाणपत्राला वीज कंपनीचं पत्र जोडलेलं असतं. त्यातलं वाक्य बहुधा असं: ‘सदर भूखंडास पुरेशी वीज उपलब्ध होऊ शकते.’ हे पत्र परत पाठवा. ‘होऊ शकते’ म्हणजे आज नाही. समजा जवळच्या उपकेंद्रात १० एमव्हीएचे (विजेच्या क्षमतेचं एकक, ढोबळमानाने मेगावॉटच्या जवळपास) दोन ट्रान्सफॉर्मर आहेत आणि कमाल भार ९ एमव्हीए आहे. कागदावरचा तपासनीस २० मधून ९ वजा करून ११ शिल्लक लिहितो. पण एक ट्रान्सफॉर्मर बंद पडला तर दुसऱ्यावर सगळं चालायला हवं, म्हणजे भरवशाची क्षमता १० आणि शिल्लक फक्त १. हा फरक प्रश्नावली वाचणाऱ्या अभियंत्याला दहा सेकंदांत कळतो. पत्रात उपकेंद्राचं नाव, विजेचा दाब (व्होल्टेज), आज मिळणारे मेगावॉट, वाढीव मेगावॉटला लागणारे महिने आणि त्या कामाचा खर्च कोण करणार, हे पाच आकडे-तपशील नसतील तर ते पत्र नाही, शुभेच्छापत्र आहे. गेल्या दोन वर्षांत वीज किती वेळा गेली त्याची आणि क्षणिक दाब-घसरणीची नोंदही जोडायला लावा. प्लास्टिक वितळवून साच्यातून ढकलणारं एक्स्ट्रूडर यंत्र अर्ध्या सेकंदाच्या झटक्याने थांबतं, आणि आत थिजलेलं प्लास्टिक साफ करण्यात कामाची अख्खी पाळी (शिफ्ट) जाते.

सांडपाणी हे या सेवेचं सर्वांत कच्चं अंग. जवळजवळ प्रत्येक अहवालात फक्त घनमीटर मोजलेले असतात. एक उदाहरण मांडतो. शहराचं प्रक्रिया केंद्र दिवसाला ८,००० घनमीटरचं, येतात ६,०००. शिल्लक २,०००. खाद्यप्रक्रियेचा कारखाना ४०० घनमीटर सोडणार म्हणतो, म्हणजे भरपूर जागा आहे असं दिसतं. आता बीओडी धरा, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. केंद्र लिटरला २५० मिलिग्रॅमच्या घरगुती सांडपाण्यासाठी बांधलेलं असेल, तर शिल्लक २,००० घनमीटरमध्ये दिवसाला ५०० किलो बीओडी सामावतो. कारखान्याचं पाणी २,००० मिलिग्रॅमचं असेल, तर ४०० घनमीटरमधून ८०० किलो येतो. युरोपात माणशी रोज ६० ग्रॅम बीओडी धरतात. त्या हिशेबाने एका कारखान्याने १३,००० हून जास्त माणसं एका रात्रीत गावात आणून बसवली. हवा पुरवणारे ब्लोअर कमी पडतात, गाळ बसत नाही, आणि दंड कारखान्याला नव्हे, केंद्र चालवणाऱ्या नगरपालिकेला होतो. उपाय अवघड नाही: कारखान्याच्या आवारात समतोल टाकी (सांडपाणी साठवून एकसारखं सोडणारी) आणि पूर्वप्रक्रिया, आणि करारात किलोत लिहिलेली मर्यादा. पण आधी कोणीतरी किलो मोजायला हवेत.

सांडपाणी कारखान्याला अडवतं याचा मोठा दाखला अमेरिकेतल्या टेनेसीत आहे. हेवूड काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मेम्फिस रीजनल मेगासाइट ही सुमारे ४,१०० एकरांची जागा राज्याने प्रचंड खर्चून उभी केली, पण दहा वर्षांहून जास्त काळ ती रिकामी होती. सांडपाण्याच्या वाहिनीसारखी कामं अपुरी होती. फोर्डने तिथला प्रकल्प जाहीर केला तो सप्टेंबर २०२१ मध्ये. ‘सज्ज’ हा शब्द फलकावर लिहून भागत नाही. उलट बाजूचं उदाहरण जर्मनीतल्या ग्रुनहाइडचं. तिथली जागा २००० च्या दशकाच्या सुरुवातीला बीएमडब्ल्यूसाठी औद्योगिक म्हणून आखली गेली. बीएमडब्ल्यू लाइपझिगला गेली, पण आखणी राहिली, आणि २०१९ मध्ये टेस्लाने तीच जागा निवडली. तिथेही पुढे वाद पेटला तो पाण्यावरूनच.

रस्त्यांचं थोडक्यात. युरोपीय नियमानुसार ट्रेलरला १२.५ मीटर बाहेरच्या त्रिज्येत वळता आलं पाहिजे. तुमचा शेवटचा चौक त्यात बसतो का ते चुन्याने आखून पाहा. महामार्ग ५ किलोमीटरवर असल्याचं सगळे लिहितात, वाटेतल्या जुन्या पुलाची भारक्षमता कोणी लिहीत नाही.

मनुष्यबळाच्या प्रकरणात लोकसंख्येचे सुंदर आलेख असतात. कंपनीला ते नको असतात. ४५ मिनिटांच्या प्रवासात किती वेल्डर, फिटर, सीएनसी (संगणकाने चालणारी यंत्रं) चालवणारे आहेत, आज त्यांना काय पगार मिळतो आणि रात्रपाळी सुटल्यावर बस आहे का, एवढंच तिला हवं असतं. हे आकडे शहरातल्या चालू कारखान्यांकडेच मिळतात. ते विचारायला गेलात की आणखी एक गोष्ट कळते: त्यांच्यापैकीच कोणाला तरी वाढायचं आहे आणि जागा नाही. नवा उद्योग आणण्याच्या धांदलीत हा हातचा उद्योग निसटतो. डेन्मार्कमधलं कालुंडबोर्ग हे छोटं शहर तर आपल्याच कारखान्यांना एकमेकांची वाफ, पाणी आणि जिप्सम वापरायला देत १९७२ पासून वाढत आलं आहे. कोणत्याही प्रमाणपत्रात असा रकाना नाही, आणि हे या सेवेचं मोठं न्यून आहे.

जोडीला ‘तयार शेड’ हा वाढीव पर्याय विकला जातो. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याने १९३६ पासून गावांना कर्जरोखे काढून कारखान्यांच्या इमारती बांधू दिल्या. आज घ्यायचीच असेल तर सुमारे ५,००० चौरस मीटर, एका बाजूने वाढवता येणारी, आत १० मीटर मोकळी उंची असलेली शेड घ्या. फरशी मात्र ओतू नका. खडीवर सोडून द्या. जड प्रेस बसवणाऱ्याला खड्डा लागतो, खाद्यवाल्याला उताराची गटारं, गोदामवाल्याला एकसंध सपाट काँक्रीट. आधी ओतलेली फरशी तिघांपैकी दोघे फोडणार. आणि दोन वर्षं रिकामी राहिली तर व्याज, विमा आणि राखण कोण भरणार, हे बांधण्यापूर्वी लिहून काढा.

तक्रारी तीन. पहिली मुदतीची. प्रमाणपत्र कायमचं असल्यासारखं विकलं जातं. प्रत्यक्षात अमेरिकेत जमिनीच्या प्रदूषण-इतिहासाच्या अहवालातले मुख्य भाग, म्हणजे मुलाखती, नोंदींची छाननी आणि स्थळपाहणी, खरेदीआधी १८० दिवसांच्या आतले लागतात. वीज आणि सांडपाण्याचे आकडे तर शेजारी एक कारखाना आला की बदलतात. वार्षिक नूतनीकरणाचा दर मूळ करारातच ठरवून घ्या. दुसरी तक्रार हितसंबंधांची: जो प्रमाणित करतो त्यालाच गिऱ्हाईक आणल्यावर कमिशन मिळणार असेल, तर तो ‘ही जागा नको’ कशाला सांगेल? आणि त्याने तेच सांगावं म्हणून तर त्याला पैसे द्यायचे. तिसरी फायलींची. शेवटी हाती चकचकीत पीडीएफ येते. कंपनीच्या अभियंत्याला कॅडची (संगणकावर काढलेली) मूळ रेखाचित्रं, बोअरच्या नोंदी आणि नकाशाचे स्तर हवे असतात. ते शहराच्या मालकीचे राहतील असं करारात नसेल तर पुढच्या वर्षी तेच पुन्हा विकत घ्याल.

खर्च झेपत नसेल तर शेजाऱ्यांना सोबत घ्या. मिसिसिपीतल्या पाँटोटॉक, युनियन आणि ली या तीन काउंटींनी मिळून एक जागा तयार केली आणि कराचं उत्पन्न वाटून घ्यायचं आधीच ठरवलं. २००७ मध्ये टोयोटाने तिथे कारखाना जाहीर केला, २०११ मध्ये गाड्या निघू लागल्या. प्रमाणपत्राचा खर्च तिघांत वाटला की तोच दोन बोअरऐवजी दहा बोअरला पुरतो.

आणि प्रमाणपत्राच्या बळावर बडा मासा गळाला लागलाच, तर सवलत टप्प्याटप्प्याने द्या. तैवानच्या फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या माउंट प्लेझंटमध्ये १३,००० नोकऱ्यांची घोषणा केली होती, २०२१ च्या सुधारित करारात आकडा १,४५४ वर आला. राज्याची सवलत नोकऱ्यांना बांधलेली होती म्हणून मोठी रक्कम वाचली. जमीन आणि रस्ते यांवर आधीच झालेला खर्च मात्र झालेलाच होता.

सेवा घ्यायची ठरली तर निविदेत एवढी अट घाला: रकमेचा एक तृतीयांश भाग प्राथमिक छाननीला, आणि छाननीत जागा नापास झाली तर उरलेलं काम रद्द, पण नापास का झाली याचा पूर्ण अहवाल द्यायचा. या अटीवर जो विक्रेता कुरकुर करेल, त्याला चहा पाजून निरोप द्या.