म्हाताऱ्या माणसांच्या केअरमध्ये करिअर करायचंय: जीडीए, एएनएम का जीएनएम?

दहावी-बारावीचे निकाल लागले की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात, ताई पोरीला म्हाताऱ्या माणसांचं करायची आवड आहे, सहा महिन्यांचा कोर्स लावू का तीन वर्षांचा. नुसत्या मुलीच नाही, पस्तिशी-चाळिशीतल्या बायका पण विचारतात, ज्यांची मुलं हाताशी आलीयेत आणि आता स्वतःचे चार पैसे कमवायचेत. मी बरीच वर्षं वॉर्डला सिस्टर होते आणि आता घरी ड्युटी करणाऱ्यांना शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघते. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

काम मिळेल का, ही काळजी सोडा. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीच्या वरचे ९.९ टक्के होते, देशाचा आकडा ८.६. त्यानंतर तर घरोघरी मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात आणि गावाकडे दोघंच म्हातारे, असं चित्र आहे. काम भरपूर आहे. प्रश्न आहे तो हातात कुठला कागद असला की कुठपर्यंत जाता येतं याचा.

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे काहीच न शिकता ब्युरोत, म्हणजे घरोघरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत, नाव नोंदवायचं आणि मावशी म्हणून बारा किंवा चोवीस तासाची ड्युटी घ्यायची. पैसे लगेच सुरू होतात हे खरं आहे, ज्या घरात उद्याचं रेशन भरायचंय तिथे मी याला नाही म्हणणार नाही. पण ब्युरो कमिशन कापतं, सुट्टीची मारामार, आणि पेशंट गेला की ड्युटी संपली, पुन्हा पुढच्या फोनची वाट बघा. दहा वर्षांनी पण तुम्ही तिथेच असता. आणि शिकवलेलं नसल्यामुळे पेशंटचं नुकसान होतं ते वेगळंच.

जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, काही महिन्यांचा कोर्स, साधारण दहावीवर होतो, मुलगे-मुली दोघांनाही. यातलाच भाऊ म्हणजे होम हेल्थ एड, घरी जाऊन पेशंट सांभाळायचा कोर्स. सरकारच्या कौशल्य विकास योजनांमधून बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा नाममात्र फीमध्ये असतो. माझ्या मते वय तिशीच्या पुढे असेल, घरची जबाबदारी असेल तर हाच घ्या, फक्त कुठे घेताय ते बघा, कारण याच कोर्समध्ये सगळ्यात जास्त फसवाफसवी चालते. गाळ्यात दहा खुर्च्या, एक प्रोजेक्टर आणि शेवटी लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, असं असेल तर बाहेरूनच परत या. विचारायचं एकच, प्रत्यक्ष वॉर्डात किती आठवडे ठेवणार आणि कुठल्या हॉस्पिटलला. उत्तर गोलमाल आलं की समजून घ्या.

वॉर्डावर एवढा जोर का देते ते सांगते. पॅरालिसिसच्या पेशंटला बेडवरून व्हीलचेअरवर घ्यायचं साधं काम बघा. खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला लावायची, लुळ्या बाजूला नाही, दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या, मग त्याला कडेला बसवून जरा थांबायचं कारण एकदम उठवलं की बीपी खाली येऊन चक्कर येते, आणि उचलताना काखेत हात घालून कधीच ओढायचं नाही, लुळा खांदा निखळतो. कमरेला पट्टा बांधून, स्वतःचे गुडघे वाकवून, त्याला सांगून, एक दोन तीन. हे वहीत चार ओळींचं आहे, पण ऐंशी किलोच्या आजोबांना खरंच उठवताना कोणीतरी शेजारी उभं राहून तुमचा हात धरून शिकवावं लागतं. तीच गोष्ट दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाडापाशी कातडी लाल दिसली आणि दाबल्यावर पांढरी होत नाहीये हे ओळखायची. तिथे पकडलं तर बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, टळतो, नाहीतर पुढे महिनोनमहिने ड्रेसिंग.

जीडीएची मर्यादा पण सांगते. इंजेक्शन, सलाईन हे तुमचं काम नाही, घरचे कितीही म्हणाले "मावशी तुम्हाला येतं ना" तरी नाही म्हणायचं. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन याने मिळत नाही.

आता एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. दोन वर्षांचा, बारावी पाहिजे, आर्ट्स चालतं, फक्त मुलींसाठी. बऱ्याच जणींना वाटतं हा मधला मार्ग आहे, थोडक्यात नर्स होऊ. पण अभ्यासक्रम बघा ना, बाळंतपण, लसीकरण, माता-बाल आरोग्य, गावातलं उपकेंद्र, हा सगळा त्याचा गाभा आहे. आरोग्यसेविकेची सरकारी नोकरी डोळ्यासमोर असेल तर एएनएम उत्तम, जरूर करा. पण तुम्हाला म्हाताऱ्यांचंच करायचं असेल तर दोन वर्षं घालवून त्या विषयाला जेमतेम हात लागतो.

बारावी झाली असेल, वय लहान असेल आणि घरचे तीन वर्षं थांबू शकत असतील तर मी डोळे झाकून जीएनएम सांगते, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. बारावीला ४० टक्के लागतात, सायन्सच पाहिजे असं नाही. मेडिसिन, सर्जरी, ऑर्थो, मानसिक आजार, सगळ्या वॉर्डांत फिरवतात, आणि म्हातारा माणूस म्हणजे यातले चार आजार एकत्र. वर रजिस्टर्ड नर्स होता, पुढे पोस्ट बेसिक बीएससी, म्हणजे जीएनएमनंतरची नर्सिंगची डिग्री, दोन वर्षांत होते, म्हणजे दार बंद होत नाही. मुलग्यांना पण घेतात, आणि जड पुरुष पेशंटसाठी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, मिळत नाहीत ही तर रोजची रड आहे. अडचण पैशाची, सरकारी कॉलेजला सीट मिळाली तर स्वस्तात होतं, खाजगीत लाखात जातं. प्रवेशाआधी कॉलेजला महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची मान्यता आहे का ते स्वतः तपासा, एजंटच्या तोंडावर विश्वास नको. मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर नको म्हणा.

बीएससी नर्सिंगचं थोडक्यात, सायन्सला बायोलॉजी घेऊन चांगले मार्क असतील तर चार वर्षांचं ते करा, शिकवायच्या लाइनला किंवा मोठ्या हुद्द्यावर जायला उपयोगी पडतं.

परदेशाचं सगळ्यांनाच विचारायचं असतं. इंग्लंडने २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवे केअर वर्कर घेणं बंद केलंय, त्यामुळे कोणी आज तिकडच्या केअर व्हिसाचे पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नका. जर्मनीला जायचं तर तिथे तीन वर्षांचं नर्सिंगचं ट्रेनिंग पगारासकट असतं, पण जर्मन भाषा खरोखर यावी लागते. जपानमध्ये केअरगिव्हर म्हणून जायला भाषेची आणि कामाची, दोन्ही परीक्षा आहेत. दोन्हीकडे भाषेलाच वर्ष-दीड वर्ष धरा. भरती एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर रजिस्टर्ड आहे का बघा, सरकारी नियमाने त्याची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, त्यापेक्षा जास्त घेता येत नाही.

आणि एक, कुठलाही फॉर्म भरायच्या आधी आठ-पंधरा दिवस जवळच्या वृद्धाश्रमात जाऊन बसा, परवानगी मागितली की बहुतेक जण देतात. डायपर बदलताना, तोच प्रश्न विसाव्यांदा विचारणाऱ्या आजींना उत्तर देताना, घास भरवताना आपल्याला कसं वाटतंय ते बघा. ज्यांना तिथे थांबावंसं वाटलं त्यांनीच फी भरा, आणि ज्यांना नाही वाटलं त्यांनी बिनधास्त लॅब टेक्निशियन, फार्मसी असलं काही बघावं, त्यात कमीपणा काही नाही.